आईच्या बससाठी नवं कार्ड

माझी आई बस चालवते. मी वकील, कोर्टात कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग आईचं वय विचारतो आणि ऐकून पुन्हा माझ्याकडे बघतो. खुलासा केला की गंमत जाते, पण करावा लागतो. बस कॉम्प्युटरमधली आहे. रस्ते, थांबे, सिग्नल, प्रवासी सगळे खेळातले. आई मात्र खरी आहे, सत्तरी ओलांडलेली आहे आणि तिचा बसचा नादही खरा आहे.

हा नाद कुठून लागला ते शोधायला फार लांब जायला नको. ती हैदराबादेत सुलतान बाजारजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि नोकरी संपेपर्यंत नल्लकुंट्याहून सिटी बसने गेली-आली. आमच्याकडे बायकांच्या सीट पुढे असतात. आई चढली की ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला त्याची प्रगती सांगायची. ह्याला क्लच सोडायची घाई, तो नुसता ब्रेकवर उभा राहतो, आणि अंबरपेठेच्या रूटवरचा तो जाडा माणूस वळणाआधी गाडी कशी अलगद हळू करतो. बाबांच्या स्कूटरचं हँडल तिने कधी हातात धरलं नाही, पण बस कशी चालवावी याविषयी तिची मतं ठाम होती. बाबा म्हणायचे, हिला शाळेऐवजी डेपोत पाठवायला हवं होतं.

नवरा माझा पुण्याचा. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादला आला आणि इथलाच झाला, तरी अजूनही ऑटोवाल्याला शुद्ध मराठीत उजवीकडे-डावीकडे सांगतो आणि मग ऑटो भलतीकडे गेली की माझ्यावर चिडतो. घरून काम सुरू झालं तेव्हा त्याने एक तयार कॉम्प्युटर आणला. तयार म्हणजे सगळं आतमध्ये बसवून, झाकण लावून, वर सीलचं स्टिकर चिकटवून मिळालेला डबा. पुढे त्याने गाड्यांच्या शर्यतीसाठी एक स्टिअरिंग आणि पायात ठेवायचे पेडल घेतले. उत्साह ओसरल्यावर ते सगळं टेबलाखाली गेलं. एका दुपारी आईने ते बाहेर काढलं, पुसलं आणि जावयाला विचारलं की ह्याच्यात बस मिळते का. मिळत होती.

त्यानंतर आमच्या घरात रोज सकाळी नाश्ता झाला की बस सुटायची. आई साडीचा पदर खोचून बसायची. खेळातले प्रवासी कुठल्यातरी परक्या भाषेत बोलायचे, आई त्यांना तेलुगूत मुंदुकू जरगंडी म्हणून पुढे सरकायला सांगायची. एकही सिग्नल तिने कधी तोडला नाही. समोर कुणी नसलं तरी ती थांबायची. मी म्हटलं, खेळात कोण बघतंय. ती म्हणाली, मागं माणसं बसलेत की.

अडचण आली ती घाटात. शहरातले रस्ते संपवून आईने डोंगराचा मार्ग घेतला आणि तिथे वळणं सुरू झाली की चित्र अटकायला लागलं. पापणी लवते तेवढा वेळ सगळं थिजायचं, आणि पुन्हा हलायला लागायचं तेव्हा बस कठड्याला जाऊन भिडलेली असायची. नवऱ्याने दोनदा मागे उभं राहून बघितलं आणि निदान केलं. ह्या डब्यात ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. चित्र काढायला स्वतंत्र माणूस ठेवलेला नाही, जो बाकीची कामं करतो त्यालाच मधूनमधून चित्रंही काढावी लागतात. सपाट रस्त्यावर जमतं, घाटात झाडं, दऱ्या, सावल्या एकदम आल्या की त्याच्या नाकी नऊ येतात. मला हे तंतोतंत पटलं.

आईला पटलं नाही. त्याच सुमाराला तिचा उजवा हात थोडा कापायला लागला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयामुळे आहे, काळजीचं काही नाही. आई मान डोलावत डॉक्टरांना हौ म्हणाली आणि घरी येऊन तिने पाहुण्यांसमोर चहा ओतायचं सोडलं. सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागली. आणि घाटात बस आपटली की म्हणायची, "मशिनला उगं नावं ठेवू नका. हात माझाच उशिरा वळायलाय."

तिने हे अगदी शांतपणे म्हटलं आणि मी हादरले. आई चिडली, रुसली, भांडली तर मला काही वाटत नाही, आमचं ते रोजचं आहे. पण ती शांतपणे एखादी गोष्ट मान्य करते तेव्हा ती गोष्ट संपलेली असते. चहाची किटली अशीच सुटली होती. आता बस सुटणार होती, आणि हात गेले असं एकदा तिच्या मनाने घेतलं की मग कणीक, फुलांची वेणी, फळ्यावरल्यासारखं तिचं ते गोल अक्षर, सगळं एकेक करून ती खाली ठेवणार होती. मला ते नको होतं. कसूर हाताची की मशिनची, ह्याचा निकाल लागायलाच हवा होता, आणि तो लावायचा एकच मार्ग होता. कार्ड बदलून बघायचं.

नवरा कचरायला लागला. तयार डबा आहे, सील आहे, आत जागा किती आहे देव जाणे. मी विचारलं, इतकी वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतोस आणि एकदाही झाकण उघडलं नाहीस? तो म्हणाला, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी म्हटलं, म्हणजे आचारी आहेस पण चूल पेटवता येत नाही. त्यावर तो स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेला. डब्याच्या वॉरंटीची मुदत तशीही संपलेली होती, म्हणून स्टिकर फाडलं, आतले फोटो काढले आणि आम्ही दोघं सिकंदराबादला कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने फोटो बघून विचारलं, कशासाठी पाहिजे. मी सांगितलं, अम्मा बस चलाते. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हौ? कौनसे रूट पे?" त्याने विचारलं. मी घाट म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि नवऱ्याने मनात धरलेलं तीन पंख्यांचं भलंमोठं कार्ड बाजूला सारलं. डब्बा छोटा आहे, वीज देणारा भागही छोटा आहे, मोठं नक्को, असं त्याने समजावलं. मग एक आखूड, एका पंख्याचं कार्ड पुढे ठेवलं. जिथे बसतं तिथूनच वीज घेतं, वेगळी वायर लागत नाही. नवऱ्याला ते फार किरकोळ वाटलं, मला ते माझ्या आईसारखं वाटलं, म्हणून तेच घेतलं.

आता इथे आमच्या घरच्या प्लास्टिकविषयी सांगितलं पाहिजे. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही, हा आईचा कायदा आहे. आमच्या टीव्हीच्या चौकटीवर पातळ कागद अजून आहे. फ्रीजच्या मुठीला तिची मूळ पिशवी आहे, रिमोट पिशवीत आहे, मिक्सरवरची माहिती मिक्सर बंद पडेपर्यंत झाकलेली होती. काढलं की वस्तू जुनी झाली, असं ती म्हणते. लग्नानंतर नवऱ्याने एकदा वॉशिंग मशिनवरचा कागद मोठ्या हौसेने सर्रकन ओढला होता. ती मशीन बिघडली तेव्हा आईने फक्त त्याच्याकडे बघितलं. तेव्हापासून आमच्या घरात प्लास्टिकला हात लावायच्या आधी जावई विचारतो.

रविवारी सकाळी डबा डायनिंग टेबलावर आडवा घातला. आईने त्याच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मी टॉर्च धरला. आत धूळ इतकी होती की नवऱ्याला आधी शिंका आल्या. कार्डच्या खालच्या सोनेरी कडेवर एक टोपण होतं, ते काढल्याशिवाय कार्ड बसणारच नाही असं त्याने आईला चित्र दाखवून पटवलं. आईने ते टोपण घेऊन आपल्या सुईदोऱ्याच्या डब्यात जपून ठेवलं आणि म्हणाली, बस्स, आता दुसरं काही काढू नका. पंख्यावरची चकचकीत फिल्म तशीच राहिली. खाचेत कार्ड खट् आवाज करून बसलं तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मलाही कौतुक वाटलं.

मग स्क्रीनची केबल. नवरा डब्याच्या मागे वाकून ती कार्डच्या तोंडाला लावायला लागला. जाईना. त्याने जरा जोर केला.

"जोर लावू नका हो, नवी वस्तू आहे," आई म्हणाली. "आधी जिथं होती तिथंच लावा की."

त्याने लावली. बटण दाबलं, स्क्रीन उजळली, कॉम्प्युटर आपल्या भागांची यादी दाखवतो तिच्यात नव्या कार्डचं नावही दिसलं. चित्र आलं म्हणजे काम झालं, असं त्याने जाहीर केलं. मी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघं शिकलेली माणसं, एकालाही शंका आली नाही.

आई बसली. पदर खोचला, थांब्यावरचे प्रवासी घेतले, घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर चित्र थिजलं, आणि हललं तेव्हा बस कठड्यात होती. तिने मागे घेतली, पुन्हा निघाली, पुढच्या वळणावर पुन्हा तेच. नवरा यादी उघडून बघायला लागला, तिथे सगळं ठीक होतं. आईने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"म्हणजे मशिनचं नव्हतं," ती म्हणाली. मग उठून तिने स्टिअरिंगवर पिशवी चढवली, तिला व्यवस्थित गाठ मारली आणि भाजी निवडायला गेली.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उगाचच भांडी आपटली. मला रडू येत होतं आणि कुणावर तरी चिडायचं होतं. वकिलाला अशा वेळी एकच सुचतं, मी दुकानदाराला धरायचं ठरवलं. कार्ड सदोष आहे, परत घे, असं तोंडावर सांगायचं. नवरा म्हणाला, कार्ड दिसतंय तर. मी म्हटलं, दिसणं आणि काम करणं ह्यात फरक असतो, आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी बघ. आई म्हणाली, राहू दे ना गं, त्या बिचाऱ्याचा काय दोष. पण मी ऐकलं नाही. दोष कुणाचा तरी असायलाच हवा होता, आणि तो आईच्या हाताचा असलेला मला चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला कोर्टाला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी डबा पुन्हा टेबलावर घेतला. नवरा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होता, तो बाहेर आला की कार्ड काढायचं ठरलं होतं. खोका, आतला फोम, पुस्तिका, कडेचं टोपण, आईने सगळं जपलं होतं, त्यामुळे परत करताना दुकानदाराला बोट दाखवायला जागा मिळणार नव्हती. तेवढ्यात आई ओलं फडकं पिळून घेऊन आली.

आमच्याकडे कुणाची वस्तू मळलेली परत जात नाही. शेजारणीची पातेली गेली तर ती घासून, पुसून, आत काहीतरी घालून जाते. दुकानदार असला म्हणून काय झालं, असं म्हणत आई डब्याची मागची बाजू पुसायला लागली. मी ओलं फडकं वायरींना लावू नको म्हणून ओरडले, तर तिने पदराचं कोरडं टोक घेतलं आणि कार्डच्या कडेवरची धूळ झटकायला सुरुवात केली. मध्येच ती थबकली. पदराच्या टोकात काळं, इवलंसं काहीतरी अडकून आलं होतं.

आईचा चेहरा पांढरा पडला. परत द्यायच्या वस्तूचा तुकडा आपण मोडला, असं तिला वाटलं. ती ते तळहातावर घेऊन माझ्याकडे आली, आणि मी तिच्या हातातून ते घेऊन टॉर्च लावला. तुकडा नव्हता, टोपण होतं. प्लास्टिकचं, केबलच्या तोंडाच्या मापाचं. मी डब्यामागे वाकून बघितलं. जिथे आदल्या दिवशी केबल शिरत नव्हती, तिथे आता छान उघडं तोंड होतं. शेजारच्या दोन तोंडांत तसलीच टोपणं अजून घट्ट बसलेली होती.

मी नवऱ्याला मीटिंगमधून ओढून आणलं. त्याने टोपण बघितलं, तोंड बघितलं, आणि डोक्याला हात लावून खाली बसला. आम्ही कार्ड बसवलं होतं, पण स्क्रीन अजून जुन्याच जागी जोडलेली होती. नवा माणूस नेमला, त्याला खोली दिली आणि दाराला बाहेरून कडी घातली. चित्रं काढत होता तो जुनाच. नवरा हसायला लागला, मग मी, आणि आई आम्हा दोघांकडे बघत म्हणाली, म्हणजे मी मोडलं नाही ना? नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच क्षणी तिने विचारलं की मग बाकीची दोन काढायची गरज नाही ना. नव्हती. ती आजही जागच्या जागी आहेत.

केबल नव्या तोंडात शिरली. स्क्रीन आधी काळी झाली, मग चित्र आलं. आईला हाक मारली तर ती सिंकशी उभी. आता कशाला, म्हणाली. मी म्हटलं, एकदा. तिने हात पुसले, पिशवीची गाठ सोडली आणि बसली. तिला बसवत नव्हतं हे मला दिसत होतं. एकदा निकाल लागल्यावर पुन्हा उभं राहायला किती नको वाटतं, हे मी अशिलांच्या तोंडावर रोज बघते.

बस थांब्यावरून निघाली आणि आई आ वासून बघत राहिली. आतापर्यंत रस्त्याकडेला हिरवे गोळे होते, आता त्यांना पानं होती. दरीत पाणी होतं आणि पाण्यावर ऊन हलत होतं. "आरशात माणसं दिसायलीत की," ती म्हणाली. इतके दिवस तिने ज्यांच्यासाठी सिग्नल पाळले त्यांचे चेहरे तिला पहिल्यांदा दिसत होते. एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, आईने तिच्यासाठी वेग थोडा कमी केला.

पहिलं वळण. दुसरं, जिथे सगळं थिजायचं. चित्र सरळ पुढे सरकत राहिलं. आईने वळणाआधीच गाडी हळू केली, अलगद, मागच्या बाईची पिशवी घसरू नये अशी, आणि चाक फिरवलं. बस वळली. मी श्वास सोडला, नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं ते मला तेव्हा कळलं. पुढचं वळण, त्यापुढचं, चढ, मग उतार. आईची मान किंचित पुढे, आणि कठडा प्रत्येक वेळी खिडकीतून सरकत मागे जायचा. मला इतका आनंद झाला होता की घाट संपूच नये असं वाटत होतं.

घाट संपला. खाली गाव होतं आणि गावात शेवटचं बसस्टँड. आईने बस आत घेतली आणि फाटकातून वळताना मागचा कोपरा खांबाला घासला. मोठा आवाज झाला, प्रवासी ओरडले.

नवरा घाईघाईने म्हणाला, आई, परत अटकलं वाटतं. मीही होकार भरला. चित्र जराही अटकलं नव्हतं, पण मी खोटी साक्ष द्यायला एका पायावर तयार होते.

"नाही हो," आई म्हणाली. "मशीन कुठं अटकलं? मीच लवकर वळवली. मागचं चाक आत यायचं राहिलं." आणि ती हसली. असा आनंदाने दिलेला कबुलीजबाब मी आजवर ऐकला नव्हता.

मग तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून समोर धरले आणि निरखून बघितले. उजवा कापत होता, काल कापत होता तितकाच.

"हलायलेत थोडे," ती म्हणाली. "पण ऐकतात."

आणि तिने रिव्हर्स टाकला, कारण माणसं अजून उतरायची होती.